छताखालचं पाणी

पाण्याखाली काय दिसतं, हे मला आजवर शेकडो लोकांनी विचारलंय. लग्नाच्या पंगतीत विचारलंय, बँकेच्या रांगेत विचारलंय, एकदा तर दाढी करताना गळ्यावर वस्तरा ठेवून न्हाव्याने विचारलंय. त्यांना रंगीत मासे ऐकायचे असतात. खरं उत्तर असं की नोकरीची पहिली बावीस वर्षं मला पाण्याखाली जवळजवळ काहीच दिसलं नाही. डोळे उघडे ठेवायचो ते सवयीने.

वागळे इस्टेटमध्ये आमच्या कंपनीची शेड होती. मी तिथे पाणबुड्या. पुलांचे खांब तपासायचे, जहाजांचे तळ खरवडायचे आणि नदीवरच्या पंपघरांपुढच्या जाळ्या मोकळ्या करायच्या, ही आमची कामं. पावसाळ्यात कल्याणजवळ मोहन्याच्या बाजूला नदीत उतरलं की पाणी म्हणजे निव्वळ चहा. सगळं काम हाताने चाचपडत. एकदा जाळीशी चाचपडताना माझ्या हाताला बोटं लागली. पाच बोटं, सरळ, एकमेकींना चिकटलेली. मग मनगट. मनगटाच्या पुढे काहीच नाही. मी कमरेच्या दोरीला चार हिसके दिले. चार हिसके म्हणजे 'ओढा मला'. वर आलो. शेवटी आकडा टाकून ते वर काढलं, तर साड्यांच्या दुकानातल्या बाहुलीचा हात! पुढे कित्येक वर्षं तो हात शेडमध्ये हजेरीच्या टेबलावर उभा होता आणि आम्ही त्याच्यावर टोप्या अडकवायचो.

त्या दिवशी दोरीच्या वरच्या टोकाला रेजिना होती. ठाण्याच्या खाडीकाठच्या ख्रिस्ती कोळ्यांची मुलगी. कंपनीत आली स्टोअरची नोंदवही सांभाळायला, पण बापाबरोबर होडीत वाढलेली असल्यामुळे दोरी तिला आमच्यापेक्षा जास्त कळायची. पाणबुड्या खाली असताना वर दोरी धरणारा माणूस हाच त्याचा डोळा, कान आणि देव. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोरी ढिली सोडा. तीन म्हणजे वर येतोय. चारचं सांगितलंच. रेजिनाने माझी दोरी एकोणीस वर्षं धरली, आणि त्यातल्या एकाही दिवशी ती दोरी धरून बोलत बसलेली मला आठवत नाही.

कंपनी बंद झाल्यावर मी शिकवायला लागलो. ठाण्यातल्या एका तरणतलावात हौशी लोकांना पाठीवर सिलिंडर बांधून श्वास घ्यायला शिकवायचं आणि मग खोपटच्या स्टँडवरून एसटीत बसवून कोकणात समुद्रावर न्यायचं. बावीस वर्षं आंधळं काम केल्यावर मला शेवटी मासे दिसले ते असे, पन्नाशीला आल्यावर. आणि त्यातूनच एक वेगळं काम माझ्याकडे यायला लागलं. कुणाला समुद्रात एखादी कमान सापडली, कुणाला कड्याखाली पोकळी सापडली, की फोन यायचा, "पेडणेकर सर, जरा उतरून बघा ना. नवीन लोकांना नेलं तर चालेल का?"

हे काम बाहेरच्या माणसाला सोपं वाटतं, म्हणून थोडं सांगतो. उघड्या पाण्यात घाबरलेल्या माणसाला एक वाट कायम मोकळी असते, ती म्हणजे वरची. श्वास सोडत सोडत सावकाश वर जायचं, संपलं. पण डोक्यावर दगड आला की ती वाट बंद. मग ती जागा गुहा नसून नुसती गुहेसारखी असली, तरी घाबरलेल्याला फरक पडत नाही. म्हणून मी आत शिरलो की उलटा वळून बघतो. बाहेरचा उजेड दिसतोय का? प्रत्येक कोपऱ्यातून? दोन माणसं शेजारी शेजारी वळू शकतील का? तळाला दगड आहे की गाळ? गाळ असेल तर एका पायाच्या फटक्याने तो उठतो आणि तासभर बसत नाही. आणि सगळ्यात आतल्या माणसाची हवा संपली, तर सोबत्याच्या सिलिंडरवर श्वास घेत तो बाहेर पोचेल का? हे सगळं बघायचं आणि वर येऊन हो किंवा नाही म्हणायचं.

मी बहुतेक वेळा नाही म्हणायचो. एका नवरदेवाला लग्नाआधीचे फोटो पाण्याखालच्या कमानीत काढायचे होते, नवरीच्या अंगावर पाच मीटरचा शेला. मी विचारलं, "शेला दगडात अडकला तर?" तो म्हणाला, "कापू ना सर, भाड्याचाच आहे." त्यालाही नाही म्हटलं. माझ्या नाहीबद्दल लोक कुरकुरायचे, आणि मला त्याचा अभिमान होता. आयुष्यातल्या एका होबद्दल मात्र मला हे लिहावं लागतंय.

अनिकेत हा माझाच विद्यार्थी. तिशीचा, उत्साही, ठाण्यात साहसी खेळांचं छोटं ऑफिस काढलेलं. कल्याणच्या पलीकडे आतल्या बाजूला, डोंगर फोडून झालेली एक जुनी दगडखाण त्याने शोधली होती. खाण बंद पडून पाण्याने भरलेली. त्या पाण्यात भिंतीच्या खाली एक पोकळी होती.

"सर, समुद्रापर्यंत जायची गरजच नाही," तो म्हणाला. "आणि पोकळी एवढी भारी आहे ना! तुम्ही फक्त बघून या. तुमचं हो आलं की मी बिनधास्त."

एका बुधवारी सकाळी दहाला मी, अनिकेत आणि कंपनी बंद झाल्यावरही अशा कामांना माझी दोरी धरायला येणारी रेजिना तिथे गेलो. तिन्ही बाजूंना ताशीव काळे कडे, त्यांवर सुरुंगाच्या भोकांच्या उभ्या खुणा. पाणी हिरवट काळं आणि आरशासारखं गप्प. बोललेलं वाक्य समोरच्या कड्यावर जाऊन जरा उशिराने परत यायचं, आणि परत येताना आवाज आपला वाटायचा नाही. रेजिनाने दोरीचं वेटोळं खाली ठेवलं आणि बराच वेळ काठावर उभी राहिली.

"दादा, मला नाय आवडलं हे पाणी," ती म्हणाली. "साधा बेडूक पण नाय ओरडत."

खाणीवर बाळाराम नावाचे एक वॉचमन होते, शेजारच्या गावातले, सत्तरीचे. मी सूट चढवत असताना ते जवळ येऊन उकिडवे बसले.

"सायेब, सकालचे उतरा. दुपारचे नको. दुपारची ती वढते."

"कोण ओढते?"

त्यांनी पाण्याकडे हनुवटी केली. "ती. दुपारचा पाला पन तिकरंच जातो, त्या भिंतीकरं. म्या रोज बघतो."

भर दुपारी पाण्यावर जाऊ नये, हे लहानपणी माझ्या आईनेही मला सांगितलं होतं. मी हसून म्हणालो, "वारा असेल हो काका." 

पोकळीचं तोंड पाण्याखाली सात मीटरवर होतं, रुंद, दोन रिक्षा शेजारी शेजारी जातील एवढं. आत शाळेच्या वर्गाएवढी जागा. मी आत गेलो आणि वळून पाहिलं. तोंडाचा उजेड निळसर, स्वच्छ, प्रत्येक कोपऱ्यातून दिसणारा. माझे बुडबुडे छताला जाऊन पाऱ्याच्या गोळ्यांसारखे चिकटले आणि सरपटत सरपटत बाहेरची वाट शोधायला लागले. मागच्या भिंतीत खाली एक कपार होती, दीड हात उंच. त्या कपारीतून हिरवा उजेड येत होता. कुणीतरी दाराआड दिवा लावून ठेवावा तसा. डोंगराच्या पलीकडे दुसरा खड्डा असणार आणि त्यातलं ऊन इथवर येत असणार, एवढं मला कळलं. मी कपारीशी हात धरला. पाणी अगदी स्थिर. कपारीत जायचं नाही, तिच्यापासून चार मीटरवर थांबून तो उजेड बघायचा आणि परत यायचं. नवशिक्यांसाठी याहून चांगली जागा मी पाहिली नव्हती.

तळाला बोटभर गाळ होता आणि त्या गाळावर बारीक समांतर रेघा होत्या. ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तशा, सगळ्या कपारीकडे कललेल्या. कंगव्याने केस विंचरावेत तशा. साठलेल्या पाण्यात अशा रेघा येत नाहीत. मी त्यांच्यावर टॉर्च धरला, पाच-सहा श्वास तिथे थांबलो. जुन्या पावसातल्या असतील, असं मनाशी म्हटलं आणि वळलो.

वर येऊन मी हो म्हणालो. अटी घातल्या. एका वेळी दोघंच, बरोबर मी, तोंडापासून आतपर्यंत बांधलेली दोरी, आणि माझ्या कमरेला रेजिनाच्या हातातली दुसरी दोरी. अटी घातल्या की माणसाला आपण काळजी घेतल्यासारखं वाटतं.

रविवारी सहा जण आले. त्यांतल्या एक गोगटे बाई. डोंबिवलीच्या शाळेत तेहेतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, वय एकोणसाठ. तलावावर पहिल्याच दिवशी मी फळ्यावर हवेचा हिशोब मांडला होता, कोणत्या खोलीवर सिलिंडर किती वेळ पुरेल याचा. वर्ग संपल्यावर बाई खडू घेऊन फळ्यापाशी गेल्या. "पेडणेकर, तुमचा भागाकार चुकलाय. माणसं मरतील अशाने." खरंच चुकला होता. त्या दिवसापासून मला त्या फार आवडायला लागल्या. एकदा मी त्यांना विचारलं, हे वेड कुठून आलं? तर म्हणाल्या, "सगळं आयुष्य मुलांना सांगत आले, पुढच्या पायरीला काय येतं ते बघा. मी स्वतः कुठे बघितलं?" पाण्यात मात्र त्या पाण्याच्याच होत्या. हवा इतकी कमी वापरायच्या की तरुण मुलं लाजायची. घाबरायला झालं तर श्वास रोखू नका, तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत राहा, म्हणजे श्वास आपोआप सुटत राहतो, हे मी सगळ्यांना शिकवायचो. बाई वहीत लिहून घ्यायच्या.

रविवारी खाणीवर दहाला सुरुवात व्हायची होती. हवा भरायचा कॉम्प्रेसर बिघडला, तो दुरुस्त होईतो बारा वाजले. पहिली जोडी गेली, आली, खूश. दुसरी जोडी गेली, आली. मग जेवणं. तिसऱ्या जोडीत बाई आणि निखिल नावाचा आयटीतला एक मुलगा. आम्ही तिघं पोकळीत शिरलो तेव्हा सव्वादोन झाले होते. काठावर बाळाराम उभे होते.  मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

आत सगळं बुधवारच्या सकाळसारखंच. बाई दोरी धरून त्या हिरव्या उजेडासमोर स्थिर झाल्या. देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहावं तशा. मी त्यांच्या मास्कमधले डोळे पाहिले. मोठे झाले होते.

पहिल्यांदा कळलं ते कानांना. घरघर. लांब कुठेतरी जात्यावर दळण चालू व्हावं तशी, आणि ती कानात नसून दातांत वाजत होती. मग माझ्या गालावरून गार पाणी सरकलं. जिथे पाणी हलायलाच नको होतं तिथे ते सरकलं. छताला चिकटलेले आमचे बुडबुडे बाहेरच्या वाटेला लागले होते ते थबकले आणि मागे, कपारीकडे, यायला लागले. ते बघून माझ्या अंगावर जो काटा आला तसा बाहुलीच्या हाताने आला नव्हता.

पुढच्या क्षणी तळ उठला. सगळा गाळ एकदम, जमिनीवरून चादर उचलावी तसा. हिरवा उजेड तपकिरी झाला आणि विझला. तोंडाचा उजेडही गेला.

निखिल सुटला. हातपाय मारत, दिसेल तिकडे. मी त्याचा पाय पकडला. तो श्वास रोखून सात मीटर वर गेला असता तर फुप्फुसं फाटली असती. बाईंना मी हाताने खूण केली, दोरी धरून थांबा. ती खूण त्या अंधारात त्यांना दिसली की नाही, हे मला कळलं नाही. निखिलला कवेत धरून दोरीने बाहेर आलो. पोकळीच्या तोंडापाशी पाण्यात अनिकेत थांबलेला होता, त्याच्या हातात मुलाला दिलं आणि वळलो. यात अर्धं मिनिट गेलं असेल.

दोरी चाचपत परत आत गेलो. दोरीच्या शेवटच्या गाठीपर्यंत गेलो. बाईंचा हात कुठेच नव्हता.

मी हाताने चाचपायला सुरुवात केली, पूर्वी जाळ्या चाचपायचो तशी. छत. भिंत. गाळ. परत छत. आणि तेव्हा मला ते ऐकू आलं. कुणीतरी गुणगुणत होतं. तोंडात माउथपीस असल्यावर शब्द येत नाहीत, नुसता हुंकार येतो. हूं हूं-हूं हूंऽऽ. थांबलं. परत हूं हूं-हूं हूंऽऽ. पाण्यात आवाज कुठून येतोय ते माणसाला कळत नाही. तो डावीकडून येत नाही की उजवीकडून येत नाही, तो सगळीकडून एकदम येतो, डोक्याच्या आतून आल्यासारखा. त्या काळोखात ती पोकळीच गुणगुणत होती.

मी खोटं लिहिणार नाही. क्षणभर मला बाळारामांची 'ती' आठवली आणि परत फिरावंसं वाटलं.

मग त्यातली चाल ओळखीची वाटली. प्रत्येक चौथ्या ठेक्याला जरा लांबवलेला सूर. मराठी शाळेत बाकावर पाय हलवत मी हीच चाल हजार वेळा म्हटली होती. बाई पाढे म्हणत होत्या.

त्यामुळे एक झालं, माझं डोकं जागेवर आलं. आवाजाने त्या सापडणार नव्हत्या. पण पाणी कुठेतरी जात होतं, आणि जिथे पाणी जातंय तिथेच त्या गेल्या असणार. मी कमरेच्या दोरीला दोन हिसके दिले, सोड. रेजिनाने दोरी ढिली सोडली. मी हातपाय हलवायचे थांबवले आणि पाण्याला मला नेऊ दिलं. पालथं पडून, हात पुढे करून. इतक्या वर्षांत मी पाण्याच्या स्वाधीन झालो तो त्या एकाच वेळी.

त्याने मला सरळ बाईंवर नेऊन टाकलं. त्यांचे पाय कमरेपर्यंत कपारीत ओढले गेले होते. दोन्ही हातांनी त्यांनी दगडाचा एक सुळका मिठी मारून धरला होता. मी खांद्याला हात लावला तरी गुणगुणणं थांबलं नाही. एकही ठेका चुकला नाही. मी त्यांच्या पट्ट्यातून एक हात कोपरापर्यंत घालून अडकवला आणि दुसऱ्या हाताने दोरीला हिसके दिले. एक, दोन, तीन, चार.

काही झालं नाही. पाणी आम्हाला आत खेचत होतं. मग कमरेची दोरी ताठ झाली, इतकी की श्वास अडला, आणि आम्ही हललो. एक वीत. मग हातभर. त्यांच्या एका पायाचा फिन कपारीत राहिला. नंतर कळलं की वर रेजिना दोरी खांद्यावरून घेऊन पाण्याकडे पाठ करून चालत सुटली होती आणि तिच्या मागे बाळाराम आणि इतर चार जण दोरीला लागले होते. "बैल होऊन ओढलं, दादा," ती नंतर म्हणाली.

वर आल्यावर बाईंनी तोंडातून माउथपीस काढला आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "सतरा पंचे पंच्याऐंशी." मग थांबल्या. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सतरा सक किती हो, पेडणेकर?"

मलाही आठवेना. दोघं एकमेकांकडे बघत पाण्यात तसेच तरंगत राहिलो.

त्यांनी बेपासून सुरुवात केली होती. एका ओळीला एक श्वास. एकोणतीसपर्यंतचे पाढे येतात, तेवढ्यात कुणी आलं तर आलं, असा त्यांनी हिशोब केला होता. सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात होता. त्या अंधारात अकरा मिनिटं गेली होती.

त्यांना दवाखान्यात पाठवल्यावर मी बाळारामांबरोबर डोंगर चढून पलीकडे गेलो. तिथे दुसरा खड्डा होता, अरुंद, खोल. त्याच्या काठावर दोन भलेमोठे डिझेल पंप धडधडत होते आणि मांडीएवढे जाड पाइप खालच्या बांधकामाकडे गेले होते. पंपापाशी एक माणूस मोबाइलवर गाणी ऐकत होता. रोज जेवून सव्वादोन-अडीचला चालू करतो, पाचला बंद, म्हणाला. या खड्ड्याचं पाणी कितीही उपसलं तरी कमी होत नाही, याचं त्याला कौतुक वाटत होतं. ते कुठून येतं, हे त्याला माहीत नव्हतं. बाळारामांनाही पंपांचं माहीत नव्हतं, डोंगराची ती बाजू दुसऱ्या मालकाची होती. त्यांना फक्त पाला जाताना दिसायचा.

उतरताना ते एवढंच म्हणाले, "म्या सांगितला होता, सायेब."

आठवड्याने मी डोंबिवलीला बाईंच्या घरी गेलो. त्यांनी स्वतः पोहे केले. हातांवरच्या खरचटल्याच्या खुणा अजून होत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "पेडणेकर, त्या खालच्या गाळावर रेघा होत्या. सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. अशा का, हे मला विचारायचं होतं. पण तुम्ही जागा बघून हो म्हटलेलं, म्हणून खूण केली नाही. तुम्हाला दिसल्या होत्या?"

"नाही," मी म्हणालो.

अनिकेतने विचारलं, तेव्हाही नाहीच म्हणालो. रेजिनाने विचारलं नाही. 

त्यानंतर मी जागा बघायचं काम सोडलं. तलावावरचं शिकवणं चालू ठेवलं. दोन महिन्यांनी एका मंगळवारी बाई तलावावर आल्या, साध्या साडीत. पाण्यात उतरणार नाही म्हणाल्या. काठावर बसून पावलं पाण्यात सोडली, दहा मिनिटांत काढली, पुसली आणि गेल्या. पुढच्या मंगळवारी परत तसंच. मी त्यांच्या शेजारी बसायचो. पाण्यात ज्या बाईंना मी देवळात उभं राहिल्यासारखं पाहिलेलं, त्या आता घोट्याच्या वर पाणी आलं की पाय आखडून घ्यायच्या. ते बघणं अवघड होतं.

तिसऱ्या मंगळवारी मी सांगितलं. पाण्याकडे बघतच सांगितलं, त्यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

"बाई, रेघा मला दिसल्या होत्या. बुधवारीच. टॉर्च लावून बघितल्या होत्या."

 पलीकडे मुलं उड्या मारत होती.

"ताळा केला नाहीत," त्या म्हणाल्या. "उत्तर आवडलं की मुलं ताळा करत नाहीत. तेहेतीस वर्षं हेच बघितलं."

"आणि तुमच्या घरी खोटं बोललो."

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही पोह्यांकडे बघून बोललात." त्यांनी पाय काढले, पुसले, चपला घातल्या आणि निघून गेल्या. मी त्यांच्या ओल्या पावलांचे ठसे फरशीवर वाळेपर्यंत बसून होतो. आता येणार नाहीत, हे मी धरूनच चाललो.

पुढच्या मंगळवारी त्या आल्या. हातात पोहायच्या कपड्यांची पिशवी.

"या तलावाचा पंप कुठेय?" त्यांनी विचारलं.

"मागच्या खोलीत. बाई, इथे काही धोका..."

"तुम्ही सांगू नका. दाखवा."

मी त्यांना मागे नेलं. पंप त्यांनी नीट बघितला. किती वाजता चालू होतो, कोण करतो, पाणी कुठून ओढतो, परत कुठून सोडतो, सगळं तिथल्या माणसाला विचारलं, मला नाही. त्याच्याकडून तो बंद करवून घेतला आणि घरघर पूर्ण थांबेपर्यंत तिथे उभ्या राहिल्या. मग कपडे बदलून आल्या, शिडीवर बसल्या आणि ओणवून कडेच्या, पाणी ओढणाऱ्या जाळीपाशी हात धरला. बोटं पसरून, खूप वेळ.

मी काठावर उभा होतो. 

बाईंनी हात काढला, माझ्याकडे एकदाही न बघता वळल्या आणि शिडीची एकेक पायरी मोजत कमरेइतक्या पाण्यात उतरल्या.